स्कायरिममध्ये रेस कोणती घ्यावी? आणि घेतली तरी फरक पडतो का?

निवांत_पाटील

मंडळी, स्कायरिम हा गेम आला २०११ साली, माझ्या घरी आलाय आत्ता. तेव्हा नोकरी नवी आणि लॅपटॉप ऑफिसचा, त्यामुळे राहूनच गेलं. परवा सेलमध्ये स्पेशल एडिशन घेतली. हात बांधून हेल्गन नावाच्या गावात आणून उतरवलं, यादी घेऊन उभा असलेला शिपाई विचारतो "तू कोण?", आणि समोर निवडायला दहा रेस, म्हणजे माणसं, एल्फ, ऑर्क अशा जमाती. तिथेच गाडी अडलीय.

मला एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात जरा जादू असं खेळायचंय. सगळ्यात तगडं पात्र काढायची हौस नाही, पण अर्ध्या वाटेत "अरे हे घ्यायला नको होतं" असंही व्हायला नको. जुन्याजाणत्यांनी सांगा: रेसमुळे पुढे खरंच काही अडतं का? आणि गावातली माणसं रेस बघून वेगळी वागतात का? गोष्ट फोडू नका, ड्रॅगन असतो यापलीकडे मला काही माहीत नाही.

चिंगी

काहीही घे रे. तासाभरात तू अंधारात दबकून बाणच मारत बसणार आहेस.

शेपटीवाला

खजीट, म्हणजे मांजरासारखी जमात. धागा बंद करायला हरकत नाही.

अडगळ

चिंगीला अनुमोदन. माझा ऑर्क लोखंडी चिलखत आणि दोन हाती कुऱ्हाड घेऊन सुरू झाला होता. आता तोच ऑर्क चामडं अंगावर चढवून खांबामागे बसलेला असतो. दबकून मारलेल्या बाणाला पर्क (लेव्हल वाढली की घेता येणारी खास कला) घेतला की तिप्पट मार, समोरच्याला कुठून आला ते कळतही नाही. मग पुढे जाऊन टाळकं फोडून घ्यायचंच कशाला?

गणिती_काकू

पाटील, आधी आकडे बघा, म्हणजे निम्मी भीती जाईल.

सगळी स्किल्स १५ पासून सुरू होतात. प्रत्येक रेसला एका स्किलमध्ये १० आणि आणखी पाच स्किल्समध्ये ५-५ जास्तीचे मिळतात. नॉर्डला, म्हणजे स्कायरिम देशच्या मूळ माणसांना, ते १० दोन हाती शस्त्रात, ऑर्कला जड चिलखतात, वुड एल्फला धनुष्यात, खजीटला दबकण्यात, सरड्यासारख्या आर्गोनियनला कुलपं उघडण्यात. झालं. या गेममध्ये जे वापराल ते वाढतं, त्यामुळे हा फायदा सुरुवातीच्या दोन-तीन गुहांतच विरून जातो. २०१३ च्या १.९ पॅचपासून तर १०० ला पोचलेलं स्किल 'लेजेंडरी' करता येतं, आणि तसं केलं की ते सगळ्यांचंच परत १५ वर येतं. नॉर्डाचंही १५, एल्फाचंही १५.

टिकतात त्या दोनच गोष्टी. पहिली, अंगचे कायमचे गुण. ब्रेटनला जादूपासून २५ टक्के संरक्षण, नॉर्डला थंडीपासून ५०, डार्क एल्फला आगीपासून ५०, रेडगार्डला विषापासून ५०. हाय एल्फला ५० जास्तीची मॅजिका, म्हणजे जादूची ताकद. एक लेव्हल वाढली की हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना यांपैकी एकातच १० घालता येतात, म्हणजे हा गडी पाच लेव्हलची कमाई खिशात घालूनच गाडीतून उतरतो. दुसरी गोष्ट, दिवसातून एकदा वापरायची ताकद. त्यात ऑर्कचा हात कोणी धरत नाही: ६० सेकंद त्याला मार बसतो अर्धा आणि तो देतो दुप्पट.

तलवार आणि जादू दोन्ही हवं तर रेडगार्ड किंवा इम्पिरियल. एकहाती शस्त्र, ढाल आणि डिस्ट्रक्शन, म्हणजे मारक जादू, या तिन्हीत दोघांनाही काहीतरी मिळतं. लांबच्या पल्ल्याला मात्र ब्रेटन. का ते विचारलंत तर सांगेन, नाही विचारलंत तरी सांगेन.

चिंगी

काकू, विचारलं.

गणिती_काकू

ब्रेटनचे जन्मजात २५. रानात ठिकठिकाणी वर देणारे दगड आहेत, त्यांतल्या 'लॉर्ड' दगडाचे २५. रिफ्टनला मारा देवीचं देऊळ आहे, तिथलं काम पूर्ण केलं की १५. ऑल्टरेशन जादूचे पर्क घेतले की ३०. झाले ९५, पण गेम ८५ च्या वर जाऊ देत नाही. म्हणजे जो जादूगार बाकीच्यांना १०० चा फटका देतो त्याचा तुम्हाला १५ चाच बसतो. बाकीच्या रेसनाही मंत्रलेल्या अंगठ्या-गळसऱ्या घालून तिथवर जाता येतं, पण ब्रेटनची बोटं मोकळी राहतात, तिथे दुसरं काही घालता येतं.

शेपटीवाला

काकूंनी खजीटला एका वाक्यात उरकलं याचा जाहीर निषेध.

दिवसातून एकदाची भानगड बाकीच्यांना. खजीटची रात्रीची नजर हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा. ब्लीक फॉल्स बॅरो नावाच्या अंधाऱ्या थडग्यात शिरा, बाकीचे मशाल धरून एक हात अडकवून चालतात, तुमचे दोन्ही हात रिकामे आणि कोपऱ्यातला ड्रॉगर (जिवंत झालेलं मढं) उठायच्या आधीच दिसलेला. शस्त्र मोडायचा प्रश्न नाही, हिसकावून घेतलं तरी नखं आहेतच, त्यांचा १५ चा मार. सुरुवातीच्या डाकूला दोन-तीन पंजांत लोळवता येतं. आणि पात्राच्या पाठीमागच्या कॅमेऱ्यातून खेळताना पुढे हलणारी शेपूट! हे आकड्यांत बसत नाही.

धोंडोपंत

मी यातला नाही. पुतण्या दिवसभर हेच खेळतो म्हणून कुतूहलाने वाचतोय. देवळाचा विषय निघाला म्हणून विचारतो, यात लग्नं होतात का? होत असतील तर रेस आड येते का?

शेपटीवाला

पंत, होतात. त्याच मारा देवीचं ताईत गळ्यात घालून हिंडायचं, समोरच्याने ताईत पाहिलं की तोच विषय काढतो. रेस, स्त्री-पुरुष, पत्रिका, काही बघत नाहीत. फक्त एक दुःख आहे. खजीट होऊन कुणाशीही लग्न करता येतं, पण लग्नाला उभं राहणारं खजीट अख्ख्या गेममध्ये एकही नाही.

चिंगी

म्हणून हे गृहस्थ इथे येऊन शेपटीचं कौतुक करतात.

अडगळ

आणि हार्थफायर या जोडभागात दत्तक घ्यायला मिळणारी पोरं सगळी माणसांचीच. आई ऑर्क, बाप हाय एल्फ, पोरगी नॉर्ड. घरी पाहुणे आले तर काय सांगायचं!

दर्यावर्दी

आर्गोनियनचं नाव कुणी घेईना म्हणून लिहितोय. आम्ही मालवणचे, आम्हाला पाण्यात श्वास घेता येणारी रेस मिळाल्यावर बाकीच्यांकडे बघायचं कशाला? लोक म्हणतात स्कायरिममध्ये पाण्याखाली काही नाही. खरंय, फारसं नाही. पण पळायला पाणी आहे ना! पाठीमागे पाच शिपाई लागलेत, तुम्ही नदीत बुडी मारलीत, आणि तळाशी निवांत बसलात. वर ते काठावर येरझाऱ्या घालतायत. स्लॉटरफिश चावतो, तेवढं सोसायचं.

शिवाय हिस्टस्किन. ६० सेकंद हेल्थ दहापट वेगाने भरते. मरता मरता दाबा आणि परत उभे राहा.

बोरूबहाद्दर

तुम्ही लोक जे निवडताय ती निवड नाहीच मुळी. निवड होती याच मालिकेतल्या आधीच्या मॉरोविंड गेममध्ये, २००२ साली.

तिथे खजीट किंवा आर्गोनियन घेतला की पायात बूट घालता येत नसत, तोंड झाकणारं शिरस्त्राणही नाही. पायांची ठेवण वेगळी, मग बूट येणार कसा? चिलखताचे दोन तुकडे कायमचे गेले, ते सोसून खेळायचं. एकाच रेसच्या बाईचे आणि पुरुषाचे सुरुवातीचे गुणही वेगवेगळे होते. हाय एल्फला मॅजिका भरपूर, पण जादूचा मारही जास्त बसायचा. आणि ज्या बेटावर तो गेम घडतो तिथे खजीट-आर्गोनियन गुलाम होते. साखळदंड घातलेले, मळ्यांत राबणारे. तुम्ही स्वतः आर्गोनियन होऊन त्या मळ्यावर गेलात की अंगावर काटा यायचा.

डार्क एल्फ घेऊन गेलात, म्हणजे त्यांच्याच देशात त्यांच्याच रक्ताचे, तरी तुम्ही 'आउटलँडर'च. कारण जन्म बाहेरचा. हे लिहायला डोकं लागतं. स्कायरिमने काटेच काढून टाकले. आता दहा रेस म्हणजे दहा रंगांचे सदरे.

चिंगी

आजोबा आले.

बोरूबहाद्दर

आजोबा तर आजोबा. तलवार अंगाला लागलेली दिसायची आणि फासे म्हणायचे "हुकली". आम्ही तेही सहन केलं.

अडगळ

ते तुम्ही आवडीने सांगताय की तक्रार करताय?

ओसरी

पाटलांचा दुसरा प्रश्न मागेच पडला, त्यावर लिहिते. थोडं लांबेल. शहरांचं वर्णन आहे, मुख्य गोष्ट फोडत नाही.

वागतात, वेगळी वागतात. अगदी तुम्ही जिथे अडलाय तिथूनच. तो यादीवाला शिपाई, हॅडव्हार, प्रत्येक रेसला वेगळं बोलतो. नॉर्डला म्हणतो, घरी परतायला वाईट वेळ निवडलीस. डार्क एल्फला, आणखी एक निर्वासित का? आर्गोनियनला विचारतो, रिफ्टनच्या गोदीवरच्या कुणाचा नातलग का तू? खजीटला सरळ व्यापारी तांड्यातला धरतो, आणि तुमचे लोक नेहमी कुठल्या ना कुठल्या लफड्यात सापडतात असं सुनावतो. हाय एल्फ दिसला की एल्फांच्या थालमोर सत्तेच्या वकिलातीतला नाही ना म्हणून चपापतो. एकेकच वाक्य, पण प्रत्येकाला आपली पायरी कुठली ते तिथेच कळतं. मग शिरच्छेदाच्या ओंडक्याकडे पाठवतात मात्र सगळ्यांना सारखंच.

पुढे उत्तरेला विंडहेल्म. दारातून आत शिरलं की पहिलाच प्रसंग: दोन नॉर्ड एका डार्क एल्फ बाईला घेरून दमदाटी करतायत, इथे तुमचं काय काम म्हणून. ज्वालामुखी फुटून मॉरोविंड हा डार्क एल्फांचा देश उद्ध्वस्त झाला तेव्हा यांचे लोक तिकडून पळून आले, त्याला गेमच्या हिशेबाने दोनशे वर्षं होत आली, तरी ते अजून पाहुणेच. त्यांची वस्ती म्हणजे ग्रे क्वार्टर, दोन उंच भिंतींमधली उतरती गल्ली, फाटके ध्वज, आणि दाराशी साचलेला बर्फ कुणी उपसत नाही. गोदीवरच्या आर्गोनियनांना तर तटाच्या आत राहायलाच बंदी. मालकाकडे मजुरीचा विषय काढाल का असं त्यांच्यातला एकजण तुम्हाला विचारतो, तेव्हा कळतं की त्याच कामाचे नॉर्ड हमालाला किती जास्त मिळतात. आणि खजीटांचे तांडे कुठल्याच शहरात शिरत नाहीत, दरवाजाबाहेर तंबू ठोकून धंदा करतात. वेशीबाहेर म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता गंमत बघा. तुम्ही स्वतः खजीट आहात. व्हाइटरन शहराच्या दारावर शिपाई अडवतो, पण तसा तो सगळ्यांनाच अडवतो, ड्रॅगनच्या भीतीने. रिव्हरवूड गावाला मदत हवीय म्हणालात की दार उघडतं. पुढे ५००० मोहरा मोजल्या की ब्रीझहोम हे घर तुमच्या नावावर. बाहेर रिसाद नावाचा खजीट व्यापारी तंबूतच बसलाय, आणि तुम्ही त्याच्यासमोरून शेपूट हलवत स्वतःच्या घरी जाताय. त्याला त्याचं काही नाही, तुम्हाला काही विचारायची सोय नाही, शिपायालाही पत्ता नाही. एवढं बारकाईने जग उभं केलं आणि खेळणाराला मात्र त्याच्या बाहेर ठेवलं. मला हा या गेमचा सगळ्यात मोठा आळस वाटतो.

दर्यावर्दी

ओसरीताई, फार छान लिहिलंत. गोदीवरचं ते मजुरीचं काम मी आर्गोनियन म्हणूनच केलं. मालकाशी बोललो, त्याने ऐकलं. पण मी त्यांच्यातलाच आहे हे संभाषणात कुठेच नाही. तिथे खटकलं होतं.

शेपटीवाला

मी असहमत. तुम्ही नायक आहात, ड्रॅगनबॉर्न आहात. खजीट घेतला म्हणून पाच मोठ्या शहरांची दारं बंद केली असती तर याच धाग्यावर "गेम अपूर्ण आहे" म्हणून बोंब झाली असती. अर्धी कामं शहरांच्या आत आहेत, ती बाहेरून कशी करायची? आणि रस्त्याने जाताना शिपाई टोमणे मारतातच की. मला तेवढं पुरतं.

ओसरी

दारं बंद करा असं मी म्हणतच नाही. रिसादने एकदा, एकदाच, "तुला कसं सोडलं आत?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. ते एक वाक्य लिहायला कितीसा खर्च?

शेपटीवाला

हे मान्य.

रिकामटेकडा

बाहेर आहेच ना हे सगळं रोज? ड्रॅगन मारायला जायचं तर तिथेही तेच? जरा करमणूक म्हणून बघा की राव.

ओसरी

मी आणलेलं नाही हो. विंडहेल्म गेम बनवणाऱ्यांनीच बांधलंय, मी फक्त त्यातून चालत गेले.

निवांत_पाटील

बापरे, एका दिवसात एवढा धागा! सगळं वाचतोय. काकू, तुमचा हिशेब पटला. ओसरी, तुमचं वाचून विंडहेल्म आधी बघावंसं वाटायला लागलंय. अजून ठरलं नाहीये. एक शंका: मधेच रेस बदलता येते का?

गणिती_काकू

पीसीवर कन्सोल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडून 'शोरेसमेन्यू' लिहिलं की तोच पडदा परत उघडतो. पण आधी वेगळं सेव्ह करून घ्या, रेस बदलली की स्किल्सचे आकडे विस्कटतात. नुसतं नाकडोळे बदलायचे असतील तर ही भानगड नको. रिफ्टनला रॅग्ड फ्लॅगन नावाचा तळघरातला गुत्ता आहे, तिथे १००० मोहरा घेऊन चेहरा बदलून देणारी बाई बसते. रेस मात्र तीही बदलत नाही.

न्यूजर्सीकर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. इथे बर्फ पडून शाळा बंद होती तेव्हा लेकीने माझ्या शेजारी बसून स्कायरिम सुरू केलं. मला वाटलं एल्फ घेईल, कान टोकदार, केस लांब. तिने सरळ ऑर्क बाई घेतली. म्हणाली, हिच्याकडे बघून कुणी जवळ येणार नाही. मग जबड्याची लांबी, सुळे, गालावरचा रंग यात जेवणाची वेळ झाली.

पण तिच्यामुळे मला एक जागा कळली जी मी नॉर्ड असताना कधी बघितलीच नव्हती. डोंगरांत ऑर्कांच्या गढ्या आहेत. परक्याला दारावरच थांबवतात, आधी कुठले तरी हातमोजे शोधून आणून द्या, मग आत घेऊ. ती ऑर्क, तिला कुणी काही विचारलं नाही. सरळ आत. ती खुर्चीतच उड्या मारायला लागली, "बाबा, मी यांच्यातली आहे!" ओसरी यांचा मुद्दा बरोबर आहे, पण या एका ठिकाणी तरी गेमने निवड मोजली.

ओसरी

वा! हे मी विसरलेच होते. ऑर्कांबाबत खरंच जमलंय. आणि ते उलट्या बाजूने जमलंय हे विशेष, दार बाकीच्यांना बंद आणि तुम्हाला उघडं.

तिरपा_डोळा

निवड मोजणारे गेम हवे असतील तर ड्रॅगन एज: ओरिजिन्स घ्या. २००९ चा आहे पण अजून चालतो. सहा वेगवेगळ्या सुरुवाती. सिटी एल्फ घेतलात तर लग्नाच्या दिवशी गोष्ट सुरू होते, आणि काय होतं ते सांगत नाही. पुढे कितीतरी तासांनी त्याच वस्तीत परत जाता तेव्हा माणसं तुम्हाला नावाने ओळखतात. बुटक्यांच्या सरदारघराण्यातले असाल तर जमिनीखालच्या राजधानीत परतणं हा वेगळाच प्रसंग होतो. तिथे "रेस कोणती घेऊ" याला खरंच वजन आहे.

चिंगी

बाल्डर्स गेट ३ राहिला. अकरा रेस. ड्राऊ (पाताळातले एल्फ) होऊन गॉब्लिनांच्या तळावर गेलं की ते लवून बाजूला होतात, बाकीच्यांना लढावं लागतं नाहीतर थापा माराव्या लागतात. गिथयांकी घेतली तर लाएझेल या गिथयांकी सोबतीणीशी पहिल्याच भेटीत वेगळं बोलता येतं. हाफलिंगला फाशावर १ पडला तर परत टाकायला मिळतो. मी तेवढ्यासाठी हाफलिंग घेतला, माझं नशीब मला माहितेय.

तिरपा_डोळा

त्याच गेमचं २०२० सालचं अर्ली ॲक्सेस, म्हणजे गेम पूर्ण व्हायच्या आधीची विक्री, आठवतं का? कंपनीने सगळ्यांची पात्रं एकत्र करून सरासरी चेहरा काढून दाखवला होता. निघाला अगदी साधासुधा माणूस. आम्ही शिंगं दिली, शेपट्या दिल्या, राक्षसाचे डोळे दिले, आणि तुम्ही हे केलंत? असं जाहीर चिडवलं होतं.

बोरूबहाद्दर

माणसाला दहा वाटा दिल्या तरी तो आरशातलाच घेतो. मी मॉरोविंडला इम्पिरियल घेतला होता.

अडगळ

म्हणजे बूट न घालता येणारी रेस आजोबांनी घेतलीच नव्हती! 😀

बोरूबहाद्दर

दुसऱ्यांदा घेतली. अनवाणी.

गणिती_काकू

बाल्डर्स गेटमध्ये आकड्यांचं बंधनही काढून टाकलंय, रेसचे +२ आणि +१ कुठल्याही गुणात ठेवता येतात. मला ते आवडलं. पूर्वी जादूगार करायचा तर अमुकच एल्फ घ्या, असं गणितच पात्र निवडायचं. आता आवडेल तो चेहरा घ्या.

एक राहिलं, स्कायरिमबद्दलच. पुढे व्हॅम्पायर व्हायचा मोह ज्यांना होणार आहे त्यांनी आजच विचार करावा. व्हॅम्पायरला आग जास्त झोंबते, उपाशी राहिलं तर ५० टक्क्यांपर्यंत. डार्क एल्फचे आगीचे ५० तिथे कामी येतात. उलट व्हॅम्पायरला रोग आणि विष आपोआपच लागत नाही, म्हणजे वुड एल्फ घेऊन व्हॅम्पायर झालात तर त्याचे दोन्ही गुण वाया.

रिकामटेकडा

काकू, तुम्ही बँकेत होता का?

गणिती_काकू

एलआयसीत. निवृत्त.

निवांत_पाटील

ठरलं! डार्क एल्फ घेतला. कारणं दोन: डिस्ट्रक्शनमध्ये सुरुवातीलाच १० जास्तीचे, म्हणजे डाव्या हातात आग. आणि ओसरींचा प्रतिसाद. ज्या गावात आपल्याला कुणी नको म्हणतंय तिथेच जाऊन बघायचं.

एकहाती तलवारीत त्याला काहीच मिळत नाही हे कळलंय, पण १५ वरून चढेल की. हॅडव्हारने निर्वासित म्हटलं, ऐकून घेतलं. आत्ता रिव्हरवूडमध्ये आहे, लोहाराकडे खंजीर घडवतोय. चिंगी, तुझ्यासाठी सांगतो, वाटेत एक धनुष्य सापडलंय. उचललं नाही.

चिंगी

उचलशील.

बोरूबहाद्दर

पाटील, शाबास. विंडहेल्मला गेलात की मोठ्या दारासमोरच्या कँडलहार्थ हॉलमध्ये उतरू नका. ग्रे क्वार्टरमध्ये उतरत जा, तिथे 'न्यू निसिस कॉर्नरक्लब' नावाचा गुत्ता आहे. निसिस हे मॉरोविंडमधलं गाव, त्या गेममध्ये मी तिथे सिल्ट स्ट्रायडर नावाच्या अवाढव्य किड्यावर बसून जायचो. ती पाटी वाचली तेव्हा स्कायरिमवरचा निम्मा राग गेला. कुणीतरी आठवण ठेवून लिहिलंय.

ओसरी

आणि तिथला बंडखोर सरदार उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक "स्कायरिम नॉर्डांचं" म्हणणारा. त्याच्या सैन्यात डार्क एल्फ म्हणूनही भरती होता येतं. त्याचा सेनापती गाल्मार विचारतो, नॉर्ड नसून तुला आमच्यासाठी कशाला लढायचंय? उत्तर दिलंत की घेतो. काय उत्तर देता ते इथे येऊन लिहा, मला खरंच उत्सुकता आहे.

निवांत_पाटील

ताई, त्याच्या बाजूने मी जाईन असं वाटत नाही. पण आधी ग्रे क्वार्टर बघतो, मग बोलू.

न्यूजर्सीकर

लेक विचारतेय, पाटीलकाकांचा एल्फ दिसतो कसा?

निवांत_पाटील

तिला सांगा, राखाडी, लाल डोळे, आणि नाक माझ्या सासऱ्यांचं. पाऊण तास खर्च केला. मग पहिलंच शिरस्त्राण सापडलं ते डोक्यावर चढवलं, आता नाकही दिसत नाही.

धोंडोपंत

कळवायला आनंद होतो की पुतण्याने मला बसवलं. मी इम्पिरियल घेतला. त्याला म्हणे पेट्यांमध्ये इतरांपेक्षा जास्त मोहरा सापडतात. बाकी कसलंच मला कळलं नाही, पण हे कळलं.

गणिती_काकू

पंत, फरक अगदी थोडा असतो. चार-पाच मोहरांचा.

धोंडोपंत

प्रत्येक पेटीला ना?

गणिती_काकू

हो.

धोंडोपंत

मग थोडा कसा? पुतण्याला सांगितलंय, आज जेवण होईपर्यंत खुर्ची मिळणार नाही.